शेवटचं पोतं

पिरंगुट सोडून भरे गावाकडे निघालं, की पुलाच्या थोडं अलीकडे एक लांबोडकी दगडी इमारत लागते. तिच्या कपाळावर 'द ग्रॅनरी' अशी पितळी अक्षरं ठोकलेली आहेत. ग्रॅनरी म्हणजे धान्याचं कोठार, हे तिथं राहणाऱ्या अकरा कुटुंबांपैकी निम्म्यांना फ्लॅट घेताना ठाऊक नव्हतं. गावाला त्या अक्षरांशी काही देणंघेणं नव्हतं. रिक्षावाल्याला ग्रॅनरी म्हटलं तर तो डोकं खाजवायचा, गोदाम म्हटलं की निमूट गाडी वळवायचा.

गोदामच होतं ते. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी एका भाताच्या व्यापाऱ्यानं बांधलेलं. अडीच फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती, चुन्यातल्या. वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. जोतं बरोबर बैलगाडीच्या उंचीचं, म्हणजे गाडी मागे लावली की पोतं सरळ आत. खिडक्या नव्हत्याच, फक्त वळचणीखाली हातभर रुंदीचे झरोके होते, वारा खेळावा आणि पाखरू शिरू नये एवढेच. एवढ्या मोठ्या इमारतीला दार मात्र एकच. जितकी दारं तितके चोर, हे व्यापाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सुनीतीचा या इमारतीवर जीव होता. ती सिव्हिल इंजिनिअर. गोदामाचे फ्लॅट करायचं काम तिनंच उभं राहून करून घेतलं होतं. बाहेरच्या भिंती न पाडता आत लोखंडी सांगाडा उभा केला, दोन मजले काढले, दगड कापून खिडक्या दिल्या. भोवतीच्या टेकड्यांवर बंगल्यांची कांजिण्या उठल्यासारखी गर्दी झालेली असताना एक जुनी गोष्ट आपण न पाडता माणसांच्या कामी आणली, याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवायची नाही. एकूणच लपवण्याचा तिचा स्वभाव नव्हता. एक्केचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, मूळची औशाकडची. लग्नाचं विचारणाऱ्याला ती त्याच्या घराचं प्लॅस्टर किती वर्षांपूर्वी झालं ते विचारायची.

काम सुरू झालं तेव्हा गोदाम बंद पडून बारा वर्षं झाली होती. आत वटवाघळं होती, उंदरांच्या लेंड्या होत्या आणि उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं एकच पोतं होतं. ताग काळा पडलेला, आतल्या भाताचा भुगा झालेला. तोंड मात्र नीट शिवलेलं आणि त्यावर हळदीकुंकवाचे वाळलेले डाग.

भऱ्याचे गेणबा रोज काम बघायला यायचे. एके काळी ते इथल्या हमालांचे मुकादम होते. पोत्याला हात लागला तसे ते जोत्यावरून उठून आत आले.

"इंजिनेरबाई, तेवढं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "गोदाम रितं करत न्हाईत. नवं आत आल्याबिगर जुनं भाईर न्हाई. आमची रीत हाय ती."

रीत सुनीतीला नवी नव्हती. मुळशीत काय आणि औशात काय, धान्याची कणगी कुणी तळापर्यंत खरवडत नाही, मूठभर राखतात. तिची आई तांदळाचा डबा घासायला काढायची तेव्हाही आधी मूठभर दाणे वाटीत काढून ठेवायची आणि मगच डबा पालथा करायची. पण घरातली मूठ ती रीत आणि साइटवरचं पोतं तो कचरा, असा सुनीतीचा कामापुरता कायदा होता. गेणबाकाका, इथं कुणाचं तरी जेवणाचं टेबल येणार आहे, असं ती हसून म्हणाली आणि पोतं राडारोड्याबरोबर ट्रॉलीत गेलं. दुसऱ्या दिवसापासून गेणबा आत यायचे थांबले, बाहेर जोत्यावरच बसू लागले.

कुणाचं तरी म्हणता म्हणता ते टेबल तिचंच आलं. त्या कोपऱ्यातला सहा नंबरचा फ्लॅट तिनं स्वतः घेतला. आयुष्यातलं पहिलं घर, एकटीच्या नावावरचं.

पहिल्या दिवाळीला इमारत ओस पडणार होती. राहणारे सगळेच बाहेरचे. कुणी जळगावचं, कुणी सांगलीचं, घोटावडे-माण करत हिंजवडीला नोकरीला जाणारे. वसुबारसेपासून बॅगा निघू लागल्या. शेवटी चार नंबरातला अमोघ तेवढा राहिला होता, आणि तो बॅग घेऊन दाराच्या पायरीवरच पाय मुरगळून पडला. दिवाळीचे पाच दिवस त्यानं बर्फ लावत काढले. मे महिन्यात लग्नसराईत पुन्हा तसंच झालं, त्या वेळी त्याची बायको उत्कर्षा टायफॉइडनं अडकली. नंतर गणपतीत वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं एसटीचं तिकीट चुकीच्या तारखेचं निघालं. इमारत पूर्ण रिकामी व्हायची वेळ आली, की कुणीतरी एक आत राहून जायचं. लोक चेष्टा करू लागले, यंदा पहाऱ्याची पाळी कुणाची? फाटकावरचा रखवालदार विश्राम यात धरलेला नव्हता, कारण त्याची खोली भिंतीबाहेर होती.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं सुनीती म्हणायची. तरी एका रविवारी तिनं दारावरच्या कॅमेऱ्याचं तीन महिन्यांचं चित्रण काढून बसून पाहिलं. आत किती गेले, बाहेर किती आले, कागदावर रेघा मारल्या. तीन महिन्यांत इमारत एक मिनिटभरही रिकामी झाली नव्हती. अकरा कुटुंबं, सव्वीस माणसं, बहुतेकांच्या नोकऱ्या. गणितात हे बसत नव्हतं. अगदीच अशक्य होतं असंही नाही. तिनं तो कागद घडी घालून पुस्तकात ठेवला आणि स्वयंपाकाला लागली.

मग अण्णा आले.

अण्णा म्हणजे तिचे वडील, दयानंद गुरुजी. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेले. आई गेल्यावर वर्षश्राद्ध उरकून सुनीतीनं त्यांना इकडे आणलं. सुरुवातीला ते रोज नदीपर्यंत फिरायला जायचे, गेणबांशी जोत्यावर बसून भाताच्या आणि ज्वारीच्या गप्पा मारायचे. इमारतीतले लोक निर्धास्त झाले. अण्णा घरी असतातच, त्यामुळे आता कुणाचा पाय मुरगळत नव्हता, कुणाला ताप भरत नव्हता. लोकांना वाटलं, पीडा टळली. पीडा टळली नव्हती, तिला बसायला जागा मिळाली होती.

अण्णांचं फिरणं आधी नदीवरून फाटकापर्यंत आलं, मग पायरीपर्यंत. एक दिवस पायरीही बंद झाली. दाराशी गेलं की त्यांचे गुडघे दुमडायचे, तोंडाला कोरड पडायची. घरात मात्र ठणठणीत. सुनीतीनं दोन डॉक्टर घरी आणले. दोघांनीही रक्तदाब, साखर, हाडं, सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. गेल्या दिवाळीत अमोघ आणि विश्रामनं त्यांना खुर्चीत बसवून उचललं, तर चार पावलांवर खुर्चीचे दोन्ही मागचे पाय मोडले. सुनीतीनं सुताराला फैलावर घेतलं. आणीबाणीचं म्हणून मागच्या भिंतीत तिनंच काढलेलं एक दार होतं, तिथंही तेच झालं. चौदा महिने अण्णांनी त्या भिंतींबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

त्यांचं बसणंही बदललं. खुर्ची सोडून ते जमिनीवर बसू लागले. टेबलामागच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला, गुडघे छातीशी, हात पोटाशी गुंडाळलेले.

"इथं टेकलं की निवांत वाटतं, माय," ते म्हणायचे.

दुपारी इमारत शांत झाली की त्या कोपऱ्यातून आवाज यायचा. फार बारीक. भरलेल्या कणगीत धान्य आपोआप खाली बसतं ना, तसा. सरकल्यासारखा, आणि मग थांबल्यासारखा. घरात नव्या आंबेमोहराचा वास असायचा, आणि सुनीती तर बाजारातला कोलम आणायची. एका सुट्टीच्या दिवशी तिनं वजनकाटा आणून अण्णांना त्यावर उभं केलं. दाराजवळ अठ्ठावन्न किलो, हॉलच्या मध्यावर एकाहत्तर. कोपऱ्यात काट्यावर आकडाच येईना. तिनं सेल बदलले, पुन्हा तेच झालं. ती स्वतः उभी राहिली तर सगळीकडे बासष्ट. त्या दिवशी मात्र तिला कावळा आणि फांदी आठवली नाही. तिला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा राग आला.

यंदा दिवाळीच्या आधी आठ दिवस शुभांगीचा फोन आला. ही सुनीतीची आतेबहीण. सारजाआत्या, म्हणजे अण्णांची धाकटी आणि एकुलती एक बहीण, तिकडे औशाला दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. आता डॉक्टरांनी दिवसच मोजायला सांगितले होते. गेली भाऊबीज दादाशिवाय गेली, यंदा ताट घेऊन बसते म्हणते, जेमतेम एखादा घास घेते, असं शुभांगी रडत सांगत होती.

सुनीतीनं अण्णांना सांगितलं. अण्णा कोपऱ्यातून उठले, कपाटातलं धोतर-सदरा काढून टेबलावर ठेवला आणि दारापर्यंत गेले. उंबऱ्याआधी हातभर अंतरावर ते खाली बसले. म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला.

"मन येतंय माय," ते म्हणाले. "पाय येत नाहीत."

त्या संध्याकाळी सुनीती भऱ्याला गेणबांच्या घरी गेली. चूक कबूल करायला तिला जड जायचं, पण ती तिनं केली. पोतं मी बाहेर काढलं, आता काय करू, असं तिनं सरळ विचारलं. गेणबांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि अंगणातल्या भाताच्या भाऱ्यांकडे बोट केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या शेतातलं नवं भात भरून एक पोतं पाठवलं, तोंड शिवून, हळदकुंकू लावून. सुनीतीनं ते कोपऱ्यात ठेवलं. देवाला न मानणाऱ्या सुनीतीनं त्याच्यापुढे नारळही फोडला. मग अण्णांना हाताला धरून दाराशी नेलं.

गुडघे दुमडले.

"पोत्यावर भागत व्हतं तवा भागत व्हतं," गेणबा जोत्यावरून म्हणाले. "आता त्याला दुसरी सवय लागली."

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात. सुनीती तिथंच उभी राहून विचार करत होती. तेवढ्यात गेणबा काठी टेकून उठले आणि वहाणा काढू लागले. आपली ऐंशी झाली, पोरंबाळं मार्गाला लागली, आपण आत बसतो, तुम्ही गुरुजींना घेऊन जा, असं ते शांतपणे म्हणाले. नवं आत आल्यावर जुनं बाहेर जाईल. बाजारला निघाल्यासारखं ते बोलत होते.

सुनीतीनं त्यांच्या वहाणा उचलल्या आणि परत त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"नाही काका," ती म्हणाली. "एकाला सोडवायला दुसऱ्याला बांधायचं, मग तिसऱ्याला. हे मी चालू देणार नाही. हे घर मी उभं केलंय. यातला एकेक बोल्ट मला माहितीये. माझ्या घरात माझ्या बापाला कोण कोंडून ठेवतंय ते बघतेच मी. पाडव्याला सगळे गेलेले असतील. त्या दिवशी मी अण्णांना घेऊन बाहेर पडणार आणि हे रितं राहणार. रितं राहायची सवय लागेल त्याला."

"कसं नेनार?"

"पाठीवर. तुम्ही पोती न्यायचात तसं. मला शिकवा."

गेणबांनी तिच्याकडे बघितलं. मग खरंच शिकवलं. चार दिवस, रोज सकाळी फाटकाजवळ, त्याच नव्या भाताच्या पोत्यावर. "हातानं उचलाया जाल तर कंबर जाईल. पाठीनं उचला. दम धरायचा न्हाई, सोडीत ऱ्हायचा. पाय उचलायचा न्हाई, घासत न्यायचा. आन उंबऱ्यावर थांबायचं न्हाई, बाई. उंबऱ्यावर थांबला का वझं बसतं." तिसऱ्या दिवशी तिनं पोतं फाटकापासून पायरीपर्यंत नेऊन दाखवलं. विश्राम तोंडाला रुमाल लावून हसत होता. चौथ्या दिवशी त्यानं रुमाल खिशात ठेवला.

पाडव्याला सकाळी अकरापर्यंत उरलेली चार कुटुंबं गेली. जाताना उत्कर्षानं सुनीतीच्या हातात फराळाचा डबा दिला आणि काही न विचारता तिला मिठी मारली. बाराच्या सुमारास सुनीतीनं वरखाली फिरून बाकीची दहाही दारं बघितली. सगळीकडे कुलपं. गाडी पायरीला लावलेली होती, मागचं दार उघडं. गेणबा आणि विश्राम अंगणात उभे होते. कडक ऊन पडलं होतं आणि नदीकडून कापलेल्या भाताचा वास येत होता.

अण्णा धुतलेलं धोतर नेसून कोपऱ्यात बसले होते. ती त्यांच्याकडे पाठ करून खाली बसली. त्यांनी तिच्या गळ्यात हात टाकले. हात गार होते.

"मी जड आहे, माय," अण्णा म्हणाले.

"माझे बाप आहात. असणारच."

ती उठली.

कोपऱ्यापासून मुख्य दारापर्यंत ब्याऐंशी फूट. नकाशा तिनंच काढला होता. तिच्या हॉलमधले अठरा, मग मधली बोळ, मग पुढची मोकळी जागा. पहिले दहा फूट अण्णा अण्णांइतकेच होते. फ्लॅटच्या दारातून बाहेर पडेपर्यंत ते भाताच्या पोत्याइतके झाले. बोळीत आल्यावर मात्र तिच्या मांड्या थरथरू लागल्या. ती दम सोडत राहिली, पाय घासत राहिली.

बोळीत दोन्ही बाजूंना कुलूप लावलेली दारं होती. त्या दारांमागून तो आवाज येऊ लागला. धान्य बसल्याचा. आधी एका दारामागून, मग दोन्हीकडून, मग वरच्या मजल्यावरून.

"सुनीती," अण्णा कानाशी म्हणाले. "ठेव मला."

"नाही."

"ठेव. मी बसतो इथंच. तू जा आत्याकडे."

"बोलू नका. दम लागतो."

पायाखालची शहाबादी फरशी कचकन वाजली. तिनं खाली बघितलं नाही. लोखंडी खांबाला धरून उभं राहावं असं फार वाटत होतं. तिनं खांबाला हात लावला नाही.

तीस फूट राहिले.

डोळ्यांपुढे काळं-पिवळं दिसायला लागलं. पाठीवर आता माणूस नव्हता, पोत्यांची थप्पी होती. खालून वरपर्यंत रचलेली, गच्च. तिनं दात आवळून, मोठ्यानं, त्या रिकाम्या इमारतीला आई-बापावरून शिवी दिली. तिच्या आयुष्यातली ती पहिलीच असावी.

दहा फूट.

दारातलं ऊन तिच्या पायावर पडलं.

उंबऱ्यावर ती थांबली नाही.

उजवा पाय बाहेर पडला आणि त्याच क्षणी सगळं वजन उतरलं. एकदम. एवढं एकदम, की ती पुढे झेपावली आणि गाडीच्या टपावर हात आपटून उभी राहिली. अण्णा तिच्या पाठीवरून खाली उतरले, स्वतःच्या पायांवर. धोतर सारखं केलं. उन्हाकडे बघून डोळे किलकिले केले. मग गाडीत जाऊन बसले.

विश्राम हात जोडून रडत होता. सुनीती हसत होती, तिला श्वास पुरत नव्हता. ती परत वळली, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली आणि आत बघून म्हणाली, "बघ. रितं आहेस. उभं आहेस तरी. काही होत नाही रितं राहिल्यानं." आतून काही आवाज आला नाही. तिनं दार ओढून घेतलं आणि कुलूप घातलं.

गेणबा हसत नव्हते. ते गाडीतल्या अण्णांकडे बघत होते.

"उंबऱ्यावर काय झालं, बाई?"

"हलकं झालं, काका. एका क्षणात सगळं हलकं. सोडलं त्यानं."

गेणबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"पाठीवरलं वझं मधीच हलकं झालं," ते म्हणाले, "तर आमी मागं वळून बघायचो. पोतं फाटल्यालं असायचं."

सुनीतीनं त्यांच्याकडे बघितलं, मग बंद दाराकडे. असलं काही ऐकायला आज तिच्याकडे वेळ नव्हता. आठ तासांचा रस्ता होता आणि उद्या भाऊबीज. ती गाडीत बसली आणि निघाली.

अण्णा वाटेत फारसं बोलले नाहीत. खिडकीतून बघत होते, प्रसन्न दिसत होते. इंदापूरला तिनं जेवायचं विचारलं तर भूक नाही म्हणाले. चौदा महिन्यांनी उघड्यावर आलेला माणूस, त्याला कसली भूक, असं तिला वाटलं.

भाऊबीजेला सकाळी सारजाआत्याला शुभांगीनं आणि सुनीतीनं उठवून बसवलं. तिच्या हातात ताट टेकेना, शुभांगीनं खालून धरलं. अण्णा पाटावर बसले. आत्यानं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, थरथरत ओवाळलं.

"दादा, आलास," ती म्हणाली.

"आलो," अण्णा म्हणाले.

आत्या त्या दिवशी दोन घास जेवली. गेले पाच दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. सुनीती भिंतीला टेकून उभी राहिली आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. जिंकलो, असं तिच्या मनात आलं आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

जेवणं झाल्यावर अण्णा ओसरीवरच्या बाजेवर आडवे झाले. आत्यानं सुनीतीला खुणेनं जवळ बोलावलं. दादाला मधे मोठं दुखणं येऊन गेलं का, असं ती विचारत होती. सुनीती नाही म्हणाली. आत्यानं स्वतःचा तळवा पुढे केला. "हात धरला त्याचा," ती म्हणाली. "फोल धरल्यासारखा लागला गं. दाणा नसल्यासारखा."

तेवढ्यात अमोघचा फोन आला. तो आणि उत्कर्षा ऑफिसच्या कामानं आदल्या दिवशीच अर्ध्या रस्त्यातून परतले होते. अण्णा पोचले का, असं त्यानं आधी विचारलं. मग म्हणाला, "मॅडम, मानलं तुम्हाला. इथं सगळं नॉर्मल झालंय. आज सकाळी आम्ही दोघंच होतो बिल्डिंगमध्ये, आणि दोघंही मुद्दाम एकदम बाहेर पडलो. चार तास! कुणाला काही झालं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कुणाला अडवलं नाही."

सुनीतीनं ओसरीकडे वळून बघितलं.

"मॅडम? म्हणजे आता ते रिकामं राहू शकतं ना?"

"हो," ती म्हणाली. "ठेवते."

ती ओसरीवर आली. अण्णा डोळे मिटून पडले होते, कपाळावर आत्याचं कुंकू, ओठांवर तेच प्रसन्न हसू. दुपारचं ऊन बाजेच्या पायापर्यंत आलं होतं. तिनं उभ्या उभ्याच विश्रामला फोन लावला आणि गेणबांना निरोप द्यायला सांगितलं. उद्या दुपारी मी परत येतेय. फाटक उघडं ठेवा. माझं अर्धं ओझं आत राहिलंय, ते न्यायला येतेय, आणि या वेळी मागं वळून बघत बघत आणणार आहे. विश्रामला काही कळलं नाही, पण तिच्या आवाजामुळे त्यानं विचारलंही नाही.

मग ती अण्णांच्या पायांशी बाजेवर बसली. तिच्याखाली सुंभ करकरलं आणि ताणून खाली गेलं. बाज तिच्या बाजूला कलली. अण्णा होते तिथंच राहिले. त्यांच्या पाठीखालचं सुंभ सरळ होतं.

तिनं वाकून बाजेखालून बघितलं. तिच्या वजनाचा झोळ जमिनीपासून वीतभर उंचीवर आला होता. दुसरा झोळ कुठंच नव्हता.